लेब्रॉन गेला तेव्हा तिकिटं आधीच विकली गेली होती: क्लीव्हलँड कॅव्हलियर्सचं प्रकरण, २०१० ते २०१९

पार्श्वभूमी

ओहायो राज्यातलं क्लीव्हलँड हे पोलाद आणि कारखान्यांवर वाढलेलं आणि कारखान्यांबरोबरच उतरणीला लागलेलं शहर. तिथला एनबीए (अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग) संघ, कॅव्हलियर्स, २००२-०३ च्या हंगामात ८२ पैकी फक्त १७ सामने जिंकला. वीस हजारांवर आसनांच्या अरीनात सामन्यामागे सरासरी साडेअकरा हजारांच्या आसपास तिकिटं खपत होती. त्या दारुण कामगिरीमुळे ड्राफ्टच्या (संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याची पद्धत, जिच्यात वरचे क्रमांक सोडतीने ठरतात) सोडतीत मोठी संधी मिळाली, नशिबाने पहिला क्रमांक लागला, आणि २००३ मध्ये संघाने शेजारच्या अ‍ॅक्रन गावचा अठरा वर्षांचा लेब्रॉन जेम्स घेतला. पुढच्याच हंगामात सरासरी अठरा हजारांपार गेली.

२००५ मध्ये क्विकन लोन्स या गृहकर्ज कंपनीचे संस्थापक डॅन गिल्बर्ट यांनी अरीनाच्या हक्कांसह संघ ३७.५ कोटी डॉलरना विकत घेतला आणि अरीनाला आपल्याच कंपनीचं नाव दिलं. हा वरवर किरकोळ तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

२००७ मध्ये संघ अंतिम फेरीत पोचला आणि सॅन अँटोनियो स्पर्सकडून ०-४ असा हरला. २००८-०९ मध्ये ६६ विजय, २००९-१० मध्ये ६१, आणि दोन्ही वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा किताब लेब्रॉनला. २००९-१० मध्ये घरचे सगळे ४१ सामने हाउसफुल्ल, दर सामन्याला २०,५६२ तिकिटं. स्थानिक वाहिनीवरचं रेटिंग लीगमध्ये अव्वल. ‘फोर्ब्स’च्या अंदाजात संघाची किंमत ४७.६ कोटी डॉलर आणि ३० संघांत क्रमांक पाचवा. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, शिकागोच्या रांगेत क्लीव्हलँड बसलं होतं ते एका खेळाडूच्या खांद्यावर.

तारीख चार वर्षं आधी ठरलेली होती

२००६ मध्ये लेब्रॉनने करार वाढवला तो पाच वर्षांचा न करता तीन वर्षांचा, वर एक वर्ष त्याच्या मर्जीवर. त्यामुळे २०१०च्या १ जुलैला तो फ्री एजंट, म्हणजे करार संपून कुठल्याही संघात जायला मोकळा, होऊ शकतो हे तेव्हाच कागदावर आलं. त्या चार वर्षांत संघाने घेतलेला प्रत्येक मोठा निर्णय एकाच हिशेबाने घेतला: आत्ता जिंकलो तर तो राहील. फेब्रुवारी २०१० मध्ये वॉशिंग्टनकडून अँटवन जेमिसन आणताना त्या वर्षीची ड्राफ्टमधली पहिल्या फेरीतली निवड देऊन टाकली. पगाराचा बोजा लक्झरी टॅक्सच्या (पगार ठरावीक रेषेपलीकडे गेला की लीगला भरायचा कर) रेषेपलीकडे गेलेला, तरुण खेळाडू मोजके.

मे २०१० मध्ये बोस्टन सेल्टिक्सने दुसऱ्याच फेरीत ४-२ असं बाहेर काढलं. प्रशिक्षक माइक ब्राउन यांना काढलं, जून सुरू होताच जनरल मॅनेजर डॅनी फेरी गेले. फ्री एजन्सीच्या तोंडावर संघाचा कारभार नव्या माणसांच्या हातात होता.

८ जुलैच्या रात्री ईएसपीएनवरच्या थेट कार्यक्रमात लेब्रॉनने मायामी हीटला जात असल्याचं जाहीर केलं. क्लबसाठी जाहीर करण्याच्या त्या पद्धतीने जखमेवर मीठ चोळलं. त्याच रात्री गिल्बर्ट यांनी संघाच्या संकेतस्थळावर संतप्त पत्र टाकलं आणि लेब्रॉनच्या आधी क्लीव्हलँड विजेतेपद जिंकेल अशी वैयक्तिक हमी दिली. लीगने त्यांना एक लाख डॉलरचा दंड केला. त्यांच्याच दुसऱ्या कंपनीने लेब्रॉनच्या भिंतीवर लावायच्या चित्राची किंमत १७.४१ डॉलरवर आणली. १७४१ हे अमेरिकी इतिहासातल्या बदनाम गद्दाराचं, बेनेडिक्ट अरनॉल्डचं जन्मवर्ष. अरीनासमोरच्या इमारतीवरचं लेब्रॉनचं दहा मजली नायकी फलक दोन दिवसांत उतरवलं गेलं.

नेमकं काय गेलं, आणि कधी

स्टार गेला की दुसऱ्या दिवशीपासून गल्ला ओस पडतो असं धरून चालतात. क्लीव्हलँडमध्ये तसं झालं नाही. प्रत्येक उत्पन्नाचा करार वेगळा असल्यामुळे प्रत्येकाला फटका वेगळ्या वेळी बसला.

तिकिटांपासून सुरुवात करू. एनबीए संघाच्या स्थानिक उत्पन्नाचा कणा म्हणजे सीझन तिकीट: ४१ घरचे सामने आणि हंगामापूर्वीचे काही सराव सामने एकगठ्ठा. त्याचं नूतनीकरण आदला हंगाम संपता संपता, मार्च-एप्रिलच्या सुमाराला होतं. २०१०च्या वसंतात संघ लीगमध्ये अव्वल होता. जुलैतली बातमी येईपर्यंत बहुतेकांचे पैसे भरून झाले होते. म्हणून २०१०-११ मध्ये संघ १९ जिंकून ६३ हरला तरी अधिकृत सरासरी २०,१०० च्या आसपास राहिली, म्हणजे लीगमधल्या पहिल्या काही संघांत. ही संख्या वाटलेल्या तिकिटांची असते, आत आलेल्या माणसांची नसते. विकलेलं पण रिकामं आसन तिकिटाचे पैसे देतं. पार्किंग, बिअर, हॉटडॉग आणि जर्सीचे देत नाही.

खरी पडझड पुनर्विक्रीच्या बाजारात चालू होती. लेब्रॉनच्या काळात सीझन तिकीटवाला लेकर्स किंवा सेल्टिक्सविरुद्धचे चार-सहा सामने चढ्या भावाने विकायचा आणि उरलेल्या हंगामाचा बराच खर्च काढून घ्यायचा. आता छापील किमतीलाही गिऱ्हाईक मिळेना. असा तिकीटवाला तक्रार करत नाही, पुढच्या वसंतात नूतनीकरणाचा अर्ज भरत नाही, इतकंच. २०११-१२ मध्ये सरासरी १५,९०० च्या आसपास उतरली. निकाल बिघडल्यानंतर गल्ला बिघडायला पूर्ण एक वर्ष गेलं. क्लबचे लेखापाल पहिल्या वर्षाचा ताळेबंद पाहून सुस्कारा सोडतील, तर ती मोठी चूक ठरेल.

टीव्हीचा प्रकार उलटा. रेटिंग पहिल्याच हंगामात निम्म्याहून खाली कोसळलं, पण संघाला मिळणारे पैसे नव्हे. स्थानिक प्रक्षेपणाचे हक्क बहुवर्षीय करारात ठरलेले असतात, तेव्हा तोटा आधी वाहिनीच्या जाहिरात विभागाला होतो. संघाच्या दारात तो पुढच्या वाटाघाटीला येतो.

जर्सीविक्रीचा धक्का लोकांना वाटतो त्याहून बराच लहान. देशभर विकल्या जाणाऱ्या परवानाधारक मालाचं उत्पन्न लीग सगळ्या ३० संघांत सारखं वाटते. त्यामुळे लेब्रॉनची जर्सी क्लीव्हलँडची असो की मायामीची, कॅव्हलियर्सचा वाटा जवळपास तोच. गेलं ते अरीनातल्या स्वतःच्या दुकानाचं उत्पन्न.

प्रायोजकांच्या बाबतीत आधी सांगितलेला तपशील कामी आला. अरीनाच्या नावाचा प्रायोजक मालकाचीच कंपनी होती, म्हणून तो दार लावून निघून जाण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या एखाद्या संघात कराराच्या मुदतीत हा प्रायोजक फेरविचार मागतो.

राहिली किंमत. जानेवारी २०११च्या यादीत ‘फोर्ब्स’ने संघाचं मोल ३५.५ कोटी डॉलर धरलं. आदल्या यादीपेक्षा १२.१ कोटींनी कमी, म्हणजे चौथा हिस्सा गेला. पुढच्या वर्षी ३२.९ कोटी. त्याच काळात मायामीचं मोल ३६.४ वरून ४२.५ कोटींवर गेलं. हे आकडे विक्रीचे नव्हेत, बाहेरच्या माणसांचे अंदाज आहेत. पण दिशा पुरेशी स्पष्ट आहे. गिल्बर्ट यांनी ज्या भावाला संघ घेतला होता त्याच्याही खाली तो आला.

आणि अरीनाबाहेरचं काय? दोन अर्थतज्ज्ञांनी नंतर लेब्रॉनच्या येण्याजाण्याचा अभ्यास केला. तो संघात असताना अरीनाच्या मैलभर परिघातल्या खाण्यापिण्याच्या जागा सुमारे १३ टक्क्यांनी आणि तिथला रोजगार सुमारे २३.५ टक्क्यांनी जास्त आढळला. अंतर वाढलं की परिणाम झपाट्याने विरतो. मायामीत असा परिणाम दिसलाच नाही. समुद्रकिनाऱ्याच्या शहरात संध्याकाळी बाहेर पडायला माणसाला बास्केटबॉल लागत नाही. जानेवारीतल्या क्लीव्हलँडमध्ये लागतो.

समोरचे पर्याय

पहिला निर्णय दोन दिवसांत घ्यायचा होता. संघाच्या एकूण पगारावर लीगची मर्यादा असते. मायामीकडे त्या मर्यादेत जागा होती, त्यामुळे ते लेब्रॉनला थेट करारबद्ध करू शकत होते आणि क्लीव्हलँडच्या हाती भोपळा आला असता. दुसरी वाट साइन-अँड-ट्रेडची: क्लीव्हलँडने त्याला सहा वर्षांचा करार द्यायचा आणि त्याच क्षणी मायामीला पाठवायचं. तेव्हाच्या नियमांत जुना संघच सहावं वर्ष आणि मोठी वार्षिक वाढ देऊ शकत होता. लेब्रॉनला सहा वर्षांचे सुमारे ११ कोटी डॉलर मिळाले, बदल्यात क्लीव्हलँडला मायामीच्या पहिल्या फेरीतल्या दोन निवडी, दुसऱ्या फेरीतल्या दोन आणि सुमारे दीड कोटी डॉलरचं ट्रेड एक्सेप्शन, म्हणजे मर्यादेच्या आडकाठीशिवाय तेवढ्या पगाराचा खेळाडू वर्षभरात आणण्याची मुभा. ज्याला आदल्याच रात्री जाहीर शिव्या घातल्या त्याच्याच सोयीच्या कागदावर सही करायची होती. जनरल मॅनेजर ख्रिस ग्रँट यांनी ती घडवून आणली. या संपूर्ण उन्हाळ्यातला सर्वांत शहाणा निर्णय हाच.

दुसरा प्रश्न: संघ ठिगळं लावून चालवायचा की मोडून नव्याने उभारायचा? ठिगळाच्या बाजूने एक खरा युक्तिवाद होता. तिकिटं विकली गेली होती, आणि पैसे भरलेल्यांसमोर मुद्दाम हरायला ठेवलेला संघ आणणं कठीण. मोडण्याच्या बाजूने त्याहून मोठा होता. या लीगमध्ये क्लीव्हलँडकडे फ्री एजंट स्वतःहून येत नाहीत. त्या गावाला मोठा खेळाडू मिळण्याची वाट ड्राफ्टच, आणि ड्राफ्टमध्ये वरचा क्रमांक हरल्यानेच मिळतो. मधल्या दर्जाचा संघ, तीस-पस्तीस विजयांचा, धंद्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट: तिकीट खपत नाही आणि निवडही हाती लागत नाही.

केलेली पावलं

आधी ठिगळ लावून पाहिलं. मो विल्यम्स, जेमिसन, व्हारेजाव यांना ठेवलं, जुलैच्या सुरुवातीलाच प्रशिक्षक नेमलेल्या बायरन स्कॉट यांच्याकडे संघ सोपवला, मिनेसोटाहून रेमन सेशन्स आणला. २ डिसेंबरला लेब्रॉन मायामीच्या जर्सीत परतला. अरीना शिट्ट्या-आरोळ्यांनी दणाणला, त्याने ३८ गुण केले आणि हीट ११८-९० ने जिंकले. त्यानंतर संघातलं अवसान गेलं. ११ जानेवारीला लेकर्सविरुद्ध ५७-११२. सलग २६ पराभव, तेव्हाचा एनबीएचा विक्रम.

त्या पराभवांनी निर्णय सोपा केला. फेब्रुवारी २०११ मध्ये मो विल्यम्स आणि जमारिओ मून क्लिपर्सला देऊन क्लीव्हलँडने बॅरन डेव्हिस घेतला. डेव्हिस उतारवयाचा, आणि पुढच्या दोन वर्षांत त्याला सुमारे २.८ कोटी डॉलर द्यायचे. तो कुणालाच नको होता, म्हणून क्लिपर्सने वर पहिल्या फेरीतली निवड जोडली, तीही कुठलंच संरक्षण (वरचा क्रमांक लागला तर निवड आपल्याकडेच राहील अशी अट) न ठेवता. इथे क्लबने पैशाने निवड विकत घेतली, एवढा सरळ व्यवहार होता. मे महिन्यातल्या सोडतीत त्या निवडीला पहिला क्रमांक लागण्याची शक्यता २.८ टक्के होती. लागला. तिच्यावर कायरी अर्व्हिंग आला, स्वतःच्या चौथ्या निवडीवर ट्रिस्टन थॉम्प्सन. डेव्हिसला डिसेंबरमध्ये नव्या नियमांतल्या एकदाच्या माफीच्या तरतुदीने मोकळं केलं. जानेवारी २०१३ मध्ये मेम्फिसशी असाच सौदा झाला: त्यांचा पगाराचा बोजा घ्यायचा आणि भाडं म्हणून निवड घ्यायची.

व्यापाराच्या बाजूला दोन गोष्टी झाल्या. अरीनाचं कॅलेंडर बास्केटबॉलवर सोडलं नाही. गिल्बर्ट यांचा हॉकी संघ तिथे आधीपासून खेळत होता, मैफली होत्या, आणि मे २०१२ मध्ये त्यांच्या कॅसिनोनेही जवळच दार उघडलं. दुसरं म्हणजे सीझन तिकिटाच्या जागी ‘वाइन अँड गोल्ड युनायटेड’ हे वर्षभराचं सभासदत्व आणलं: तिकिटांसोबत कार्यक्रम, सवलती, खेळाडूंच्या भेटी. हप्त्याने भरणारा सभासद एकदम निर्णय घेऊन बाहेर पडत नाही. कागदी तिकीट जवळपास बंद होतं आणि मालकाच्याच कंपनीच्या फ्लॅश सीट्स प्रणालीतून तिकीट फिरायचं, त्यामुळे कुणी स्वतः आलं, कुणी विकलं, कुणी नुसतं फुकट जाऊ दिलं हे क्लबला दिसत होतं. नूतनीकरणाआधी कुणाला फोन करायचा याची यादी तिथूनच निघते. पुनर्विक्री दलालांकडे गेलेल्या क्लबला ही माहितीच नसते.

परिणाम

विजय २१, २४, ३३ असे हळूहळू वाढले (पहिला हंगाम कामबंदीमुळे ६६ सामन्यांचा). प्रेक्षकांची सरासरी १६,२०० आणि मग १७,३०० च्या घरात आली. २०१३ची पहिली निवड, अँथनी बेनेट, पूर्ण वाया गेली. २०१४ मध्ये १.७ टक्के शक्यतेवर पुन्हा पहिली निवड लागली. चार वर्षांत तीनदा पहिला क्रमांक. हे नियोजन म्हणून विकायचं असेल तर सांभाळून. यातला मोठा भाग सोडतीतले चेंडू होते. तरीही दोन गोष्टी क्लबच्या हातातल्या होत्या आणि त्या केल्या: निवडींची संख्या वाढवली आणि मोठे पगार अंगावर ठेवले नाहीत.

जानेवारी २०१४च्या यादीत किंमत ५१.५ कोटी, म्हणजे लेब्रॉन नसताना जुन्या शिखरावर. त्यात संघाची करामत थोडी. लीग आणि खेळाडूंच्या २०११च्या करारात खेळाडूंचा उत्पन्नातला वाटा ५७ टक्क्यांवरून जवळजवळ निम्म्यावर आला, संघांमधली उत्पन्नवाटणी वाढली, आणि सगळ्याच संघांचे भाव चढले.

जुलै २०१४ मध्ये लेब्रॉन परतला. आधी गिल्बर्ट मायामीला जाऊन त्याला भेटले आणि त्या पत्राबद्दल माफी मागितली. ऑगस्टमध्ये केव्हिन लव्हला आणलेल्या त्रिपक्षीय सौद्यात फिलाडेल्फियाकडे गेलेली निवड मायामीचीच होती, २०१०च्या त्या कडू कागदातून आलेली. २०१५च्या यादीत किंमत ९१.५ कोटी, जून २०१६ मध्ये विजेतेपद.

तोच प्रसंग दुसऱ्यांदा: २०१८

१ जुलै २०१८ ला लेब्रॉन चार वर्षांच्या १५.३३ कोटी डॉलरच्या करारावर लेकर्सकडे गेला. पुढचा हंगाम पुन्हा १९-६३, अगदी तोच आकडा. ‘फोर्ब्स’ची किंमत मात्र १३२.५ वरून १२७.५ कोटी, म्हणजे चार टक्क्यांच्या आतली घट. तोच माणूस, तेच गाव, तितकेच पराभव. एकदा चौथा हिस्सा गेला, एकदा किरकोळ.

निम्मं उत्तर केंद्रीय पैशात आहे. २०१६-१७ पासूनचा राष्ट्रीय प्रक्षेपण करार नऊ वर्षांचे २,४०० कोटी डॉलर, म्हणजे संघामागे वर्षाला सरासरी ८.९ कोटी. आधीचा करार आठ वर्षांचे ७४० कोटी होता, संघामागे ३.१ कोटी. निम्म्याच्या आसपास खेळाडूंना जातात, तरी लेब्रॉन असो-नसो येणारा चेक जवळजवळ तिप्पट झाला होता. आयपीएलचे संघमालक तिकीटबारीकडे निवांत पाहतात त्याचंही कारण हेच.

उरलेलं निम्मं संघाने स्वतः केलं. लेब्रॉन यावेळी छोट्या मुदतीचे करार करत होता, तेव्हा तो जाऊ शकतो हे गृहीत धरून क्लबने तो असतानाच लांब मुदतीचे कागद करून घेतले. मे २०१७ मध्ये गुडइयर या टायर कंपनीशी जर्सीवरच्या बिल्ल्याचा बहुवर्षीय करार, कंपनी अ‍ॅक्रनचीच. त्याच वर्षी शहर आणि काउंटीच्या भागीदारीत अरीनाच्या नूतनीकरणाचा व्यवहार (अखेरचा खर्च सुमारे १८.५ कोटी डॉलर) आणि त्याबदल्यात भाडेकरार २०३४ पर्यंत. २०२२चा ऑल-स्टार सामना (लीगमधल्या निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना) भरवण्याचा मान नोव्हेंबर २०१८ मध्ये मिळाला, संघ तळाला असताना, कारण तो नव्या इमारतीला मिळाला होता. यावेळी पत्र निघालं, ते आभाराचं.

वेगळं काय करता आलं असतं

२००६ ते २०१० मध्ये लांब मुदतीचे प्रायोजन आणि सुइट (अरीनातले खासगी कक्ष) करार २०१३-१४ पर्यंत ओढायला हवे होते. संघ जिंकत असताना गिऱ्हाईक सवलतीशिवाय सही करतं. जुलैनंतर सवलत देऊनही करत नाही. २०१०ची निवड जेमिसनसाठी देणंही टाळता आलं असतं. तिसावी निवड फार मोलाची नसते, पण चार महिन्यांत संघ उघडा पडण्याची शक्यता डोळ्यांसमोर असताना हाताशी पुरेसे तरुण खेळाडू न ठेवणं महाग पडलं.

पत्राबद्दल मत विभागतं. त्या रात्री चिडलेल्या शहराला मालक आपल्या बाजूचा वाटला, आणि पहिल्या हंगामात काही लोक त्या रागापोटीच आले असतील. पण पाळता न येणारी हमी लेखी दिली आणि २०१२ मध्ये लेब्रॉनने मायामीत विजेतेपद जिंकताच ती जाहीरपणे खोटी पडली. खेळाडू चार वर्षांनी परत येऊ शकतो या शक्यतेची किंमत दंडाच्या एक लाखापेक्षा कितीतरी मोठी होती, आणि ती जवळजवळ गमावलीच होती. मसुदा सकाळपर्यंत ठेवून दिला असता तरी पुरलं असतं.

पहिल्या हंगामात आणखी एक आकडा दर आठवड्याला पाहायला हवा होता: विकलेल्या तिकिटांपैकी दारावर प्रत्यक्ष स्कॅन किती झाली. तिकीट विकून घरी बसलेला गिऱ्हाईक डिसेंबरमध्येच ओळखता येतो. त्याला तेव्हाच चार आसनांऐवजी दोन, पूर्ण हंगामाऐवजी अर्धा असा पर्याय दिला तर तो यादीत राहतो. मार्चमध्ये विचारलं तर तो मनाने केव्हाच गेलेला असतो.

२०१८ मध्येही एक पाऊल जुन्या वळणावर पडलं. लेब्रॉन जाऊन महिना व्हायच्या आत केव्हिन लव्हला चार वर्षांचे १२ कोटी डॉलर दिले गेले. कारण २०१०च्या ठिगळाचंच: पैसे भरलेल्यांना एक ओळखीचा चेहरा दाखवायचा होता. लव्ह त्या हंगामात दुखापतीमुळे २२ सामने खेळला. त्या मोठ्या पगाराचा बोजा पुढची काही वर्षं क्लबच्या अंगावर राहिला.